लिलावाच्या वहीतला खून: कोकणातली आंतरराष्ट्रीय रहस्यकादंबरी कशी रचावी

कोकणात बसून आंतरराष्ट्रीय रहस्यकादंबरी लिहायची असेल तर पहिल्याच प्रकरणात नायिकेचा पासपोर्ट काढू नका. तिला घरी राहू द्या, तिचं रोजचं काम करू द्या आणि परदेश तिच्या कामात येऊ द्या. मी दापोलीच्या बाजूला राहते, दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा लिहिते आणि आमचे हे निवृत्त होईपर्यंत बोटीवर होते. घरात जहाजांच्या गोष्टी आणि दारात मासळी, त्यामुळे माझं एक मत पक्कं झालं आहे. जिला कुणी स्वप्नातही गुप्तहेर म्हणणार नाही अशी बाई नायिका करायची, तर केस अशी हवी की ती फक्त तिलाच सुटेल, आणि तीही तिच्या रोजच्या कामामुळे. पोलिसांना चार दिवसांत सुटली असती अशी केस असेल, तर त्या कादंबरीत बाईचं कामच काय?

परदेश कुठून आणायचा, असं वाचनालयात भेटणाऱ्या मुली मला विचारतात. तो आलेलाच आहे. १९९३ च्या फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले. जून २०२० च्या निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज भरकटत येऊन रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर रुतलं आणि वर्षानुवर्षं तिथंच गंजत राहिलं. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला ‘लेडी हान’ नावाची रिकामी बोट लागली, आत तीन एके-४७ आणि काडतुसं. दहीहंडीच्या तोंडावर सगळ्या किनाऱ्याची झोप उडाली. मग कळलं ते असं: बोट एका ऑस्ट्रेलियन बाईच्या मालकीची, मस्कतहून युरोपला निघालेली. जूनमध्ये इंजिन बंद पडलं, माणसांना कोरियाच्या युद्धनौकेनं वाचवून ओमानच्या ताब्यात दिलं आणि मोकळी बोट खवळलेल्या समुद्रातून वाहत आपल्याकडे आली. त्याही आधीचं हवं असेल तर रत्नागिरीत थिबा राजा आहे. ब्रह्मदेशाचं राज्य १८८५ मध्ये गेलं, पुढच्या वर्षी इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो तिथंच वारला. आपलं मोलाचं माणिक कर्नल स्लेडननं नेलं, अशी त्याची तक्रार होती. ते माणिक गेलं कुठं, याचा पत्ता आजही लागलेला नाही.

एवढं सगळं समोर असताना नायिकेला पॅरिसला धाडायची मला तरी गरज वाटत नाही.

बाई निवडताना

स्वभावापासून सुरुवात करू नका. ‘धाडसी, हुशार, जरा विसराळू’ असं कागदावर लिहून काही हाती लागत नाही. तिचा हात रोज कशावरून फिरतो, ते आधी लिहा. ती काय मोजते? काय तोलते? कुठल्या वस्तूत झालेली गडबड तिला झोपेतही कळेल? या तीन प्रश्नांची उत्तरं आली की अर्धी कादंबरी हाताशी आली म्हणून समजा.

होम-स्टे चालवणारी बाई घ्या. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याच्या माहितीचा फॉर्म भरायचा असतो, म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कुठं जाणार, सगळं तिच्या डोळ्यांखालून जातं. आशा सेविका घ्या, गावात कोण आजारी, कोण गरोदर आणि कोण अचानक दिसेनासं झालं हे तिला आधी कळतं. पोस्टात बसणारी, एसटीची कंडक्टर, कलमांच्या बागेत पेट्या भरणारी. हापूसवाली कुणी लिहीत असेल तर मला फार आवडेल. १ मे २०१४ पासून युरोपनं फळमाशीच्या कारणावरून आपल्या आंब्याला बंदी घातली होती, ती २०१५ मध्ये उठली. त्या काळात कुणाच्या पेट्या कुठल्या नावानं कुठं गेल्या, यात एक अख्खी कादंबरी आहे. पण आज मी माझीच नायिका घेऊन दाखवते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

तिचं नाव सुमन. वय बावन्न. हर्णै बंदरात एका दलालाकडे लिलावाची वही लिहिते. हर्णैला होड्या खोल पाण्यात नांगरतात, माल छोट्या होडीतून आणि बैलगाडीतून वाळूवर येतो, वाळूवरच ढीग पडतात आणि बोली सुरू होते. सुमनच्या वहीत रकाने आहेत: तारीख, तिथी, होडी, तांडेल (म्हणजे होडीचा कप्तान), माल, वजन, भाव आणि शेवटी उचल, म्हणजे खलाशानं हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, जे त्याच्या वाट्यातून वळते व्हायचे असतात. संध्याकाळी सातची एसटी चुकली तर तिला सासूच्या गोळ्यांची वेळ गाठता येत नाही. हे मी मुद्दाम ठेवलं आहे. प्रत्येक प्रकरणात तिला थांबून आणखी पाहायचं असतं आणि प्रत्येक प्रकरणात एसटी असते.

तिला कराटे येऊ देऊ नका. जुन्या काळी ती पोलिसात होती, असंही शेवटी काढू नका, कारण मग ती अनपेक्षित राहत नाही आणि वाचकाला फसवल्यासारखं होतं. तिची ताकद वेगळी आहे. वही लिहिणाऱ्या बाईसमोर पुरुष आवाज खाली करत नाहीत. भाव, भांडणं, कोण कुणाला बुडवणार आहे, सगळं ते तिच्या डोक्यावरून बोलतात. हा न दिसण्याचा फायदा पूर्ण वापरा, आणि तिला मान देऊन वापरा. तिची चेष्टा करून वाचकाला हसवायचा मोह फार होतो, तेवढा आवरा.

मेलेला माणूस कोण?

वैशाखातल्या एका सकाळी खडकांत एका खलाशाचं प्रेत मिळतं. नेपाळचा पोरगा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या होड्यांवर नेपाळी खलाशी पुष्कळ आहेत, हे बंदरावर जाणाऱ्याला माहीत असतं, पण आपल्या कथांत ते जवळजवळ येत नाहीत. बघा, पुढं यायच्या हाँगकाँगचं नावही घेतलेलं नाही तोवर कथेत दुसरा देश आला. सगळे म्हणतात, रात्री दारू पिऊन घसरला. होडीवर त्याला ‘बहादूर’ म्हणायचे. खरं नाव कुणाला माहीत नाही.

सुमनला माहीत आहे, कारण उचल देताना तिनं ते लिहून घेतलं होतं. समोर त्याची सही आहे आणि रकान्यात बाकी आहे. हिशेब पुरा झाल्याशिवाय पान उलटायचं नाही ही तिची सवय. शोध लावायचं कारण मी एवढंच दिलं आहे आणि ते पुरतं. ‘न्यायासाठी’, ‘सत्यासाठी’ असे शब्द तिच्या तोंडी कधीही घालू नका. तिला त्या पोराचे पैसे त्याच्या आईला पोचवायचे आहेत, आणि पैसे पोचवायचे तर तो कसा मेला ते लिहावं लागणार.

आता घड्याळ लावा. रहस्यकथेत मुदत लागतेच, आणि कोकणानं ती आयती दिली आहे. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. मे संपता संपता होड्या ओढून वर घेतात, शाकारतात आणि खलाशी आपापल्या गावी निघतात. म्हणजे ३१ मे नंतर साक्षीदारच उरत नाहीत. मी माझ्या कथेला २०२५ साल घेतलं, कारण त्या वर्षी पावसानंही घाई केली होती. २५ मे ला मोसमी पाऊस महाराष्ट्रात दाखल झाला. पंधरा दिवसांची मुदत सुमनच्या हातात असताना ती आठवड्यावर आली. खऱ्या वर्षाचा खरा पाऊस घेतला की असं फुकटचं वळण मिळतं. उलट मनाने पाऊस पाडलात, तर त्या मे महिन्यात ज्यांचे आंबे झाडाखाली कुजले ते वाचक तुम्हाला सोडणार नाहीत.

पहिला धागा

पहिला धागा नायिकेच्या हाताखालून जायला हवा आणि वाचकाच्याही. दोघांनी एकाच वेळी पाहावा, पण अर्थ एकटीला लागावा. माझ्याकडे तो असा आहे:

“वयनी, लिवा. घोळ, चौदा किलो.”

सुमननं लिहिलं. मग पेन तसंच धरून माशाकडे पाहिलं. कल्ले लाल, डोळा स्वच्छ, खवलं चमकत होतं. पोट मात्र चिरलेलं.

“पोट कुणी फाडलं?”

“शिंगाडा लागला असंल.”

शिंगाडा माशानं फाटलेलं पोट असं सरळ रेषेत फाटत नाही. तिनं चौदा लिहून पुढं एक बारीक फुली मारली.

घोळ कशासाठी मोलाची, हे किनाऱ्यावर लहान पोरालाही ठाऊक असतं. तिच्या पोटातली हवेची पिशवी, म्हणजे बोत, सुकवून हाँगकाँग, सिंगापूरकडे जाते, आणि तिचा भाव माशाच्या भावाशी तोलण्यासारखा नसतो. नराचं बोत तर आणखी महाग. मग अशी घोळ पोट रिकामी होऊन लिलावात येत असेल, तर बोत समुद्रातच कुणाला तरी दिलं गेलं. दलालाच्या वहीत त्याची नोंद नाही, म्हणजे खलाशांच्या वाट्यातही ते नाही. इथं खुनाचं कारण जन्माला येतं. टोळी हाँगकाँगपर्यंत पसरलेली असू द्या, पण खून झाला तो वाट्यावरून. ‘माझा वाटा कुठं?’ असं त्या पोरानं विचारलं. मोठ्या रहस्याच्या तळाशी असं लहान, ओळखीचं कारण ठेवा. वाचकाला ते पटतं, कारण वाट्यावरून तुटलेली घरं त्यानं पाहिलेली असतात.

वहीत मागं जाऊन सुमन फुल्या मोजते. सगळ्या फुल्या एकाच तांडेलाच्या होडीसमोर. तिच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याला फक्त मासा दिसला असता.

आकडा खोटा आहे, हे तिला कसं कळतं

हा भाग मी सावकाश सांगते, कारण इथंच लेखक हात झटकतात. ‘तिनं संगणकावर शोधलं आणि जहाज बनावट निघालं’ असं एका ओळीत उरकतात.

मेलेल्या पोराच्या मोबाइलमध्ये एक फोटो आहे. रात्री काढलेला, हललेला, पण ज्या जहाजाला बोतं दिली जात त्याच्या मागच्या बाजूचा आकडा वाचता येतो. मोठ्या व्यापारी जहाजाला आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा क्रमांक असतो, सात आकडी. जहाजाचं नाव बदलतं, मालक बदलतो, झेंडा आज पनामाचा तर उद्या लायबेरियाचा होतो, पण हा क्रमांक जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. टीव्हीवर कुठं जहाज दिसलं की आमचे हे अजून नाव वाचत नाहीत, तो आकडा शोधतात.

या आकड्यात एक कुलूप आहे. पहिल्या सहा आकड्यांना क्रमानं ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजेच क्रमांकाचा सातवा आकडा. कादंबरीत कुठल्या खऱ्या जहाजावर किटाळ यायला नको, म्हणून मी सोपा आकडा घेते: १२३४५६७. एक सत्ते सात, दोन सक बारा, तीन पाचे पंधरा, चार चोक सोळा, पाच त्रिक पंधरा, सहा दुणे बारा. बेरीज ७७. शेवटी सात, आणि क्रमांकाच्या शेवटीही सात. खरा.

आता बदमाशांनी रंगाचा डबा घेतला. इंग्रजी एकाला दोन रेघा जोडल्या की चार होतो. जहाजावर दिसायला लागलं ४२३४५६७. पहिला गुणाकार आता चार सत्ते अठ्ठावीस, बेरीज ९८, शेवटी आठ. क्रमांकाच्या शेवटी मात्र सातच. कुलूप लागलं नाही.

सुमन हे वहीच्या मागच्या पानावर करते. आयुष्यभर उभ्या रकान्यांच्या बेरजा केलेली बाई आहे, तिला कॅल्क्युलेटर लागत नाही. नियम तिला कोण सांगतो? गावात बोटीवरून निवृत्त झालेला माणूस असतोच. कोकणातल्या कुठल्याही वाडीत एक तरी सीडीसीवाला, म्हणजे जहाजावरच्या नोकरीची पुस्तिका असलेला, सापडेल, तेव्हा ही सोय ओढूनताणून आणल्यासारखी वाटत नाही. फक्त नियम त्यानं सांगावा आणि तो लावून बघायचं सुचावं सुमनला.

एक बारकावा पुढच्या भागासाठी राखून ठेवा. तिसऱ्या आकड्याला पाचनं गुणतात. तो दोननं, चारनं, सहानं बदलला तर बेरजेत दहाच्या पटीचाच फरक पडतो आणि कुलूप तसंच लागतं. म्हणजे ज्याला हे गणित माहीत आहे तो पकडला जात नाही. पहिल्या कादंबरीतला खलनायक घाईत आहे, त्याला ते माहीत नसू द्या. दुसऱ्या कादंबरीतल्याला माहीत असू द्या.

जोडीला एआयएस आहे. परदेशी फेऱ्या करणाऱ्या तीनशे टनांवरच्या जहाजांना ते यंत्र सक्तीचं असतं. नाव, जागा, वेग, दिशा ते सारखं सांगत राहतं आणि मोबाइलवरही कुणालाही ते पाहता येतं. यंत्र बंद केलं की जहाज नकाशावरून नाहीसं होतं. घोळीसमोर फुली पडलेल्या प्रत्येक रात्री नकाशावरून एकच जहाज नाहीसं झालं असेल, तर तेवढं पुरे. यावर दोन पानांपेक्षा जास्त खर्च करू नका, पडद्याकडे बघणारी माणसं वाचायला कंटाळवाणी होतात.

खोटं बोलणाऱ्याला भरतीत पकडणं

माझ्या सगळ्यात लाडक्या जागेकडे आता येते. तांडेल सांगतो, “त्या दिवशी मी सकाळी नऊलाच भरलेली होडी आंजर्ल्याच्या खाडीतून बाहेर काढली, मला काय माहीत?” पोलीस लिहून घेतात. जबाब साधा आहे, साक्षीदारही दोन आहेत.

सुमनला तो दिवस आठवतो, कारण संकष्टी होती. दिवसभर उपास आणि रात्री उशिरा चंद्रोदय. २०२५ मध्ये वैशाखातली संकष्टी १६ मे ला आली होती. संकष्टी म्हणजे चतुर्थी, आणि चतुर्थी म्हटलं की किनाऱ्यावरच्या माणसाला पाणी कळतं. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ येते. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. दुपारी तीनला भरती, म्हणजे साधारण सहा तास आधी, सकाळी नऊला, ओहोटी पार तळाला. पौर्णिमा होऊन चारच दिवस झालेले, पाणी अजून चांगलं लांब ओढत होतं. गाळानं भरलेल्या खाडीच्या तोंडातून भरलेली होडी त्या वेळी निघतच नाही.

हे ती पोलिसांना कशी सांगते, यावर मन लावून काम करा. माझ्या मसुद्यात ती युक्तिवाद करत नाही. फौजदार जिल्ह्याबाहेरचा आहे. ती त्याला म्हणते, “साहेब, येत्या चतुर्थीला सकाळी नऊला या. मी खाडीच्या तोंडाशी उभी असेन.” येत्या चतुर्थीला महिनाभर जायचा नसतो, पंधरा दिवसांनी शुद्ध चतुर्थी येते आणि हिशेब तोच. त्या वेळेला पाऊस लागलेला असतो, पण पाणी तिथीप्रमाणेच चालतं. साहेब येतो आणि खाडीत माणसं गुडघाभर पाण्यातून चालताना पाहतो.

पाऊणपटीचा हिशेब तोंडचा आहे, त्यात पाऊण-एक तासाचा फरक पडू शकतो. तेव्हा कथेतली तारीख सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी ताडून बघा आणि आरोपीला खोटा पाडायला तासाभराची नव्हे, चांगली चार-पाच तासांची तफावत ठेवा.

त्याच दिवसात आणखी एक धागा बसतो. १६ मे २०२५ हा शुक्रवार होता. बोतांचा मधला दलाल म्हणतो की त्या सकाळी तो कुवेतमध्ये बँकेत बसून पैसे पाठवत होता. कुवेतला शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. हे सुमनला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही, तिचा पुतण्या तिथं आहे आणि त्याचा फोन शुक्रवारीच येतो. अमिरातीनं मात्र १ जानेवारी २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवारवर नेली आणि शुक्रवार अर्धा केला, तेव्हा दुबई आणि कुवेत यांची गल्लत करू नका. घड्याळंही लिहून भिंतीला लावा: दुबई आपल्या मागं दीड तास, कुवेत अडीच तास, हाँगकाँग पुढं अडीच तास.

कायदा आणि हद्द

लवकर सांगते. सुमनला अटक करता येत नाही, झडती घेता येत नाही, मेलेल्या पोराचा मोबाइल तिनं स्वतःजवळ ठेवला तर पुराव्याचा सत्यानाश. मोबाइल पोलीस पाटलाच्या हातात पंचांसमोर जाऊ द्या, तिच्याजवळ आकडा तेवढा उतरलेला राहू द्या. प्रेत मिळालं की आधी आकस्मिक मृत्यूची नोंद होते, चौकशी होते, गुन्हा नंतर. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. कागदावर खुनाचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं १०३ आहे, पण बंदरावर बोलताना माणूस अजून ‘तीनशे दोन लागेल’ असंच म्हणतो. दोन्ही आपापल्या जागी ठेवा.

किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर, आपली हद्द. जकातीच्या बाबतीत चोवीस मैलांपर्यंत हात पोचतो, मासळीवरचा हक्क दोनशेपर्यंत. जहाज कितव्या मैलावर उभं होतं यावर कुणाला बोलवायचं ते ठरतं. समुद्रात अडकलेल्यासाठी तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. सुमनच्या वहीच्या पुठ्ठ्यावर मी हे दोन्ही लिहून ठेवले आहेत, तिसऱ्या प्रकरणात ते दिसतात आणि एकोणिसाव्यात लागतात.

बोली

हर्णैच्या माणसाच्या तोंडी ‘खंय’ आणि ‘कित्याक’ घालू नका. ती मालवणी, खाली सिंधुदुर्गातली. दापोली-मंडणगडला वेगळं बोलतात, कोळीवाड्यात आणखी वेगळं, मुसलमान मोहल्ल्यात त्याहून वेगळं. मुंबईच्या मालिकांनी सगळं कोकण एका बोलीत कोंबलं आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो. बोली येत नसेल तर साधं मराठी लिहा आणि एखादाच शब्द ठेवा: वयनी, उचल, वाटा, उधाण. संबोधनं मात्र अचूक हवीत. तांडेल सुमनला ‘वयनी’ म्हणतो, दलाल ‘सुमनताई’, मोहल्ल्यातला नाखवा ‘भाबी’, आणि तो नेपाळी पोरगा तिला ‘दीदी’ म्हणायचा. तिला ‘दीदी’ म्हणणारा तो एकटाच होता. शेवटाकडे दुसरं कुणीतरी फोनवर तिला ‘दीदी’ म्हणेल तेव्हा ते पोराच्या घरचं माणूस आहे, हे वाचकाला सांगावं लागणार नाही.

शेवट कितपत बांधायचा

आंतरराष्ट्रीय रहस्यात एक अडचण कायमची आहे: वरचा माणूस दुसऱ्या देशात असतो. त्याला शेवटच्या प्रकरणात विमानातून आणून हर्णैच्या वाळूवर गुडघे टेकायला लावलंत तर आधीची तीनशे पानं खोटी ठरतात. खरं काय होतं? कागद फिरतात. इथली यंत्रणा दिल्लीला लिहिते, दिल्ली तिकडे लिहिते, त्यात वर्षं जातात. ते तसंच राहू द्या. पण जे सुमनच्या हद्दीत आहे ते पुरतं बांधा. तांडेल सुटता कामा नये. पोराच्या मृत्यूच्या कागदावर ‘बहादूर’ ऐवजी त्याचं खरं नाव चढलं पाहिजे. त्याची उचल वजा होऊन उरलेला वाटा, चोरलेल्या बोतांच्या हिशेबासकट, नेपाळमधल्या घरी पोचला पाहिजे. हा हिशेब मी आकड्यांनिशी छापते, पूर्ण पान, रकान्यांसकट. संपादक म्हणाले की पान काढा, वाचक आकडे वाचत नाहीत. मी काढलं नाही. वहीतल्या फुल्यांवर ज्यानं कादंबरी वाचत आणली, तो ते पान वाचतो.

दिवाळी अंकासाठी लिहीत असाल तर जहाजाचा धागा अख्खा वगळा, घोळ, भरती आणि शुक्रवार एवढ्यावर दीर्घकथा उभी राहते. मजकूर गणपतीच्या आधी पोचवायचा, तेव्हा मे महिन्यात बंदरावर टिपणं काढून जूनला लिहायला बसलेलं बरं. कादंबरी असेल तर कच्चा मसुदा दोन माणसांना वाचून दाखवा. त्यातला एक तांडेल हवा, त्यानं भरतीची आणि माशांची प्रकरणं ऐकावीत, तो जिथं ‘असं नसतं’ म्हणेल तिथं खूण करायची. दुसरी, तुमच्या नायिकेचंच काम करणारी बाई. तिला रहस्य कळलं का ते विचारू नका. सुमननं वही जिथं ठेवली, पैसे जसे मोजले, साहेबाशी जशी बोलली, तसं तिनं केलं असतं का, एवढंच विचारा आणि ती सांगेल तसं बदला.